मायक्रो, ब्रूपब की आणखी काही? ब्रुअरीचा आकार आणि प्रकार कसा ठरतो

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात रेस्टॉरंटला जोडून 1000 लिटरचं ब्रूहाउस (मॉल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, रस काढून उकळायची भांडी) आणि प्रत्येकी 1000 लिटरचे सहा फर्मेंटर (तो रस आंबवायचे टँक) टाकायचे आहेत. प्लांट विकणाऱ्याने कोटेशनवर ‘मायक्रोब्रुअरी, वार्षिक क्षमता 6 लाख लिटर’ असं लिहून दिलंय. अमेरिकेतले नातेवाईक म्हणतात, ही मायक्रो नाहीच, हा ब्रूपब, म्हणजे खाण्याच्या जागेला जोडलेली ब्रुअरी. बरोबर कोण, आणि ब्रुअऱ्यांचे प्रकार मुळात ठरतात कशावरून?

नातेवाईक बरोबर आहेत, पण त्यांच्या देशापुरते. ‘मायक्रोब्रुअरी’ हा शब्द आपल्याकडच्या परवान्याच्या भाषेत चालतो. 6 लाख लिटर मात्र कुठल्याच देशात चालणार नाही. सगळ्यात जास्त नुकसान तोच आकडा करतो, म्हणून आधी तो बघू.

विक्रेत्याने हिशोब असा मांडला आहे: दिवसाला दोन बॅच, 300 दिवस, म्हणजे 600 बॅच गुणिले 1000 लिटर. ब्रूहाउस एवढं काम करू शकतं, यात खोटं काही नाही. मॅशिंगपासून (मॉल्ट गरम पाण्यात मुरवणं) वर्ट, म्हणजे मॉल्टचा रस, थंड करून फर्मेंटरमध्ये सोडेपर्यंत सात-आठ तास लागतात. दोन शिफ्ट लावल्या तर दोन बॅच निघतात. पण बिअर ब्रूहाउसमध्ये तयार होत नाही, तिथे फक्त गोड वर्ट तयार होतो. त्याची बिअर होते फर्मेंटरमध्ये, आणि तो टँक दोन-अडीच आठवडे अडकून बसतो.

एल किंवा व्हीट बिअर धरा. 18 ते 20 अंशांना पाच-सात दिवस फर्मेंटेशन, मग दोन दिवस डायअसिटिल रेस्ट (लोण्यासारखी नको असलेली चव यीस्टने संपवायची मुदत), दोन दिवसांत एक-दोन अंशांपर्यंत थंड करणं, तीन-चार दिवस कंडिशनिंग (थंडीत मुरवणं), एक दिवस टँक रिकामा करून सीआयपी (टँक न उघडता आतून धुणं). मिळून 14 दिवस. प्रत्यक्षात 16 धरा, कारण टँक रिकामा झाला त्याच दिवशी नवी बॅच तयार असते असं क्वचितच होतं. 365 भागिले 16 म्हणजे 22 टर्न, म्हणजे टँक वर्षात इतक्या वेळा भरून रिकामा होतो. सणवार, देखभाल, बिघडलेला चिलर हे सगळं वजा करून 20 धरा. सहा टँक गुणिले 20 म्हणजे वर्षाला 120 बॅच, आठवड्याला जेमतेम सव्वादोन. उरलेले दिवस ब्रूहाउस नुसतं चकाकत उभं राहणार. विक्रेत्याच्या 600 बॅच खऱ्या करायच्या तर सहा नव्हे, तीस फर्मेंटर लागतील.

आता घट. गरम वर्ट थंड होताना साधारण 4 टक्के आकसतो. ट्रब (तळाचा गाळ) आणि हॉप्ससोबत (कडवटपणा देणारी फुलं) 3 टक्के जातो. फर्मेंटरच्या तळाच्या यीस्टसोबत आणखी 4, लाइन आणि नळ मिळून 1. असे 12 टक्के गेले. भरपूर ड्राय हॉपिंग केलेल्या (फर्मेंटरमध्ये वरून हॉप्स टाकलेल्या) आयपीए या एलला हा आकडा सहज 15 च्या पुढे जातो, कारण हॉप्स बिअर शोषून घेतात. तर 1,20,000 लिटरमधून विकण्याजोगी बिअर उरते 1,05,600 लिटर, म्हणजे 1056 हेक्टोलिटर (एक हेक्टोलिटर म्हणजे 100 लिटर). सगळी लागर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) केली तर एक टर्न पाच आठवड्यांचा, वर्षाला दहा टर्न, आणि बिअर निम्मी: 52,800 लिटर. चार टँक एल आणि दोन टँक लागर असं ठेवलं तर 88,000 लिटर.

एक गोष्ट कोटेशनमध्ये आवर्जून तपासा. ‘1000 लिटरचा फर्मेंटर’ म्हणजे भरायची क्षमता 1000 लिटर की टँकचं एकूण आकारमान 1000 लिटर? फेसासाठी वर 20 ते 25 टक्के जागा मोकळी लागते. व्हीट बिअरच्या यीस्टला त्याहून थोडी जास्तच. एकूण आकारमान 1000 असेल तर आत जेमतेम 800 लिटर वर्ट मावेल. तरीही हजार भरला तर तिसऱ्या दिवशी ब्लो-ऑफ पाइपमधून (वायू बाहेर सोडणारी नळी) यीस्ट जमिनीवर येईल आणि प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह चिकटून बसेल, आणि हे दुसरं जास्त धोक्याचं.

विकण्याजोग्या वार्षिक बिअरचा हा आकडा हातात आला की वर्गवारी कळायला लागते, कारण जवळपास सगळ्या पद्धती त्यावरच चालतात. भांड्याच्या मापावर चालणारा एकच लोकप्रिय शब्द आहे, ‘नॅनो’. अमेरिकेत साधारण तीन बॅरल किंवा त्याहून लहान ब्रूहाउसला, म्हणजे साडेतीनशे लिटरच्या आसपास, तसं म्हणतात. पण ती बोलीभाषा झाली. त्याला कायद्याची किंवा संघटनेची ठाम व्याख्या नाही, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

अमेरिकेतली नेहमी उद्धृत होणारी वर्गवारी ब्रुअर्स असोसिएशन या व्यापारी संघटनेची आहे. ती सरकारी नाही. तिच्यात वर्षाला 15,000 बॅरलपर्यंत उत्पादन आणि त्यातली 75 टक्के किंवा जास्त बिअर बाहेर विकली जात असेल तर ती मायक्रोब्रुअरी. 25 टक्के किंवा जास्त बिअर जागेवर विकली जाते आणि सोबत खाण्याचा मोठा व्यवसाय आहे, तर ब्रूपब. तेवढीच बिअर जागेवर, पण स्वयंपाकघर नावापुरतं किंवा नाहीच, तर टॅपरूम ब्रुअरी. हा वर्ग नंतर वेगळा काढला, कारण नुसती बिअर ओतून चालणाऱ्या जागा इतक्या वाढल्या की त्यांना ब्रूपबमध्ये ठेवणं विचित्र दिसायला लागलं. 15,000 ते 60 लाख बॅरल म्हणजे रीजनल, त्यापुढे लार्ज.

तुमची 1056 हेक्टोलिटर म्हणजे 900 अमेरिकन बॅरल. 15,000 च्या मर्यादेच्या अवघे 6 टक्के. म्हणजे आकाराने तुम्ही मायक्रोच्या कितीतरी आत आहात; तुम्हाला त्या वर्गातून बाहेर काढतो तो स्वयंपाकघराचा दरवाजा. सगळी बिअर तुमच्याच टेबलांवर जाणार, जेवणही तिथेच, म्हणून अमेरिकन भाषेत ब्रूपब. उद्या 1056 पैकी 800 हेक्टोलिटर केगमध्ये (बिअरच्या धातूच्या पिंपांत) भरून इतर बारना दिली, तर जागेवरची विक्री 24 टक्क्यांवर येते आणि तीच भांडी, तोच ब्रूअर असूनही तुम्ही मायक्रोब्रुअरी होता.

बॅरल या मापाबद्दल सावध. अमेरिकन बिअर बॅरल 31 अमेरिकन गॅलनचा, 117.35 लिटरचा. ब्रिटिश बॅरल 36 इंपीरियल गॅलनचा, 163.66 लिटरचा. 15,000 बॅरल पहिल्या मापाने 17.6 लाख लिटर, दुसऱ्याने साडेचोवीस लाख. इंग्लंडहून आणलेल्या जुन्या प्लांटवर ‘5 बॅरल’ लिहिलेलं असेल तर तो 818 लिटरचा आहे, 587 चा नाही. मॉल्टची ऑर्डर आणि चिलरचं गणित दोन्ही त्यावर अवलंबून. आपल्याकडच्या मोठ्या ब्रुअऱ्या यातलं काहीच बोलत नाहीत, त्या ‘केस’मध्ये बोलतात: 650 मिलीच्या 12 बाटल्या, 7.8 लिटर. म्हणून अमेरिकन मायक्रोची कमाल मर्यादा आपल्या भाषेत सुमारे सव्वादोन लाख केस. तुमचं वर्षाचं उत्पादन साडेतेरा हजार केसच्या आसपास येईल. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिटर आणि हेक्टोलिटर हेच ठेवा, बँकेलाही ते कळतं.

आता आपल्याकडचं. भारतात मद्य हा राज्यांचा विषय, त्यामुळे ‘मायक्रोब्रुअरी’ या शब्दाचा अर्थ राज्याची हद्द ओलांडली की बदलतो. कर्नाटकाच्या नियमांत मर्यादा दिवसाच्या हिशोबात आली, दिवसाला 1000 लिटर, आणि बिअर त्याच जागेत प्यायची. म्हणजे अमेरिकन अर्थाने बंगळुरूच्या मायक्रोब्रुअऱ्या ब्रूपबच. महाराष्ट्रात चित्र जास्त गुंतागुंतीचं झालं. पुण्यात 2009 साली डूलाली सुरू झाली ती हॉटेलला लागून, पण पुढे तिच्या मुंबईतल्या टॅपरूमना बिअर केगमधून जाऊ लागली. डोंबिवलीची गेटवे तर मुंबईतल्या बारना केग पुरवण्यासाठीच उभी राहिली. दोघींना आपण मायक्रोब्रुअरीच म्हणतो, पण धंद्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागेवर विकणारीला ब्राइट टँकमधून (तयार बिअर ठेवायचा टँक) थेट नळापर्यंत लाइन पुरते. बाहेर पुरवणारीला केग वॉशर, केगचा मोठा साठा, थंड गाडी आणि बाहेरच्या बारमधल्या लाइन साफ ठेवणारा माणूस लागतो. परवान्याचा अर्ज भरण्याआधी यातलं आपण कोण हे ठरवा. नंतर बदलायचं तर जागा आणि भांडवल दोन्ही पुरत नाहीत. दर आणि अटी दरवर्षी हलतात, तेवढ्यापुरती राज्य उत्पादन शुल्क विभागाची चालू अधिसूचना वाचावी, जुन्या लेखांवर विसंबू नये.

मुळात सरकारांना ब्रुअरीचं आकारमान मोजण्यात रस असतो तो करासाठी. युरोपीय संघाच्या 1992 च्या निर्देशानुसार वर्षाला 2 लाख हेक्टोलिटरपर्यंतच्या ‘लहान स्वतंत्र’ ब्रुअरीला सभासद देश कमी दराने कर लावू शकतात, पण सवलत नेहमीच्या दराच्या निम्म्यापलीकडे जाता कामा नये. यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द आकड्याइतकाच महत्त्वाचा. ब्रुअरी कायद्याने आणि आर्थिकदृष्ट्या दुसऱ्या ब्रुअरीपासून वेगळी हवी, जागा वेगळी हवी, आणि ती दुसऱ्याच्या लायसन्सखाली बिअर बनवणारी नको. नाहीतर मोठ्या कंपनीने आपलाच कारखाना कागदावर दहा तुकड्यांत वाटला असता.

ब्रिटनचा अनुभव ब्रुअरांमध्ये जास्त चघळला जातो. 2002 मध्ये तिथे लहान ब्रुअऱ्यांना सवलत आली: 5,000 हेक्टोलिटरपर्यंत शुल्क निम्मं, पुढे सवलत उतरत जात आधी 30,000 ला आणि 2004 पासून 60,000 ला संपणार. परिणाम असा झाला की 5,000 च्या रेषेजवळ आलेल्या कित्येकांना वाढणं परवडेना. एक बॅच जास्त केली की आधीच्या सगळ्या बिअरवरची सवलत घसरायला लागायची. 1 ऑगस्ट 2023 पासून मोजमापच बदललं. आता बिअरचे लिटर मोजत नाहीत, त्यातलं शुद्ध अल्कोहोल मोजतात. वर्षाला 4,500 हेक्टोलिटर शुद्ध अल्कोहोलच्या आतला उत्पादक लहान, आणि सवलत 8.5 टक्क्यांखालच्या पेयांनाच. 5 टक्क्यांची बिअर करणाऱ्याला ही मर्यादा 90,000 हेक्टोलिटर पडते, 4 टक्क्यांवाल्याला 1,12,500. एकाच कायद्यात हलकी बिअर करणारा मोठा होऊनही ‘लहान’ राहू शकतो. माझ्या मते लिटर मोजण्यापेक्षा ही पद्धत जास्त प्रामाणिक आहे.

याचं कारण मोठ्या ब्रुअऱ्यांच्या कामाच्या पद्धतीत दिसतं. तिथे बिअर बहुधा दाट करतात: 12 ऐवजी 16 अंश प्लेटोचा (प्लेटो म्हणजे वर्टमधल्या साखरेचं माप) वर्ट आंबवायचा, आणि गाळल्यानंतर ऑक्सिजन काढलेलं पाणी घालून ठरलेल्या तीव्रतेवर आणायचा. ढोबळ हिशोबाने 1000 हेक्टोलिटरचे 1333 होतात, फर्मेंटर एकही न वाढवता. त्यातल्या पाण्यात ऑक्सिजन राहिला तर बिअर काही आठवड्यांत पुठ्ठ्यासारखी लागते, म्हणून हे लहान प्लांटने करू नये. ते पाणी तयार करायचं यंत्रच परवडत नाही. मोठं-लहान यातला खरा तांत्रिक फरक अशा जागी आहे. पाण्याचंही तेच: चांगली मोठी ब्रुअरी लिटरभर बिअरमागे तीन-चार लिटर पाण्यात भागवते, ब्रूपबला सात ते दहा लागतात, कारण धुण्याचं पाणी तेवढंच आणि बॅच लहान. टँकरवर चालणाऱ्या भागात जागा बघताना हे लक्षात असू द्या.

मालकीची वर्गवारी वेगळीच चालते आणि तिच्यात राजकारण जास्त. ‘क्राफ्ट’ ब्रूअरची अमेरिकन व्याख्या सांगते: वर्षाला 60 लाख बॅरलपर्यंत, आणि क्राफ्ट नसलेल्या मद्य कंपनीकडे 25 टक्क्यांपेक्षा कमी हिस्सा. ही मर्यादा आधी 20 लाख होती. सॅम्युअल अ‍ॅडम्स ही बिअर करणारी बॉस्टन बिअर कंपनी तिच्याजवळ पोचली आणि 2011 च्या सुरुवातीला मर्यादा तिप्पट झाल्याचं जाहीर झालं. ज्यांच्या नावाने चळवळ ओळखली जाते त्यांनाच बाहेर कसं काढणार! मक्याचा वापर होतो म्हणून बाहेर राहिलेली युएंगलिंग 2014 मध्ये नियम सैल झाल्यावर आत आली. उलट गूस आयलंड ही ब्रुअरी 2011 मध्ये अ‍ॅनहॉयझर-बुशने घेतली आणि यादीतून गेली. बॅलास्ट पॉइंट 2015 मध्ये कॉन्स्टेलेशन या मोठ्या मद्य कंपनीकडे गेली तेव्हा बाहेर पडली. 2019 च्या अखेरीस ती एका छोट्या ब्रुअरीला विकली गेली. भांडी तीच, यीस्ट तेच.

भांडी कोणाची हा तिसरा धागा. कॉन्ट्रॅक्ट ब्रूइंगमध्ये ब्रँड तुमचा, प्लांट आणि मजूर दुसऱ्याचे. बॉस्टन बिअरची सुरुवात अशीच झाली, पिट्सबर्गच्या एका जुन्या ब्रुअरीत. आपल्याकडे बिरा 91 सुद्धा 2015 मध्ये आली ती बेल्जियममध्ये करून घेतलेली. ‘जिप्सी’ ब्रूअर जागोजागी जाऊन स्वतः उभा राहून बॅच काढतो. कोपनहेगनच्या मिकेलरने 2006 पासून कित्येक वर्षं स्वतःचा प्लांट न ठेवताच चालवलं. अमेरिकेत तिसरी सोय आहे, ज्यात भाडेकरू ब्रूअर ठरलेल्या दिवसांपुरता प्लांट आपल्या परवान्यावर ताब्यात घेतो, आणि त्या काळातल्या बिअरवरचा कर त्याच्या नावे लागतो. कॉन्ट्रॅक्टमध्ये वाद बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर होतो: बॅच बिघडली तर माल कोणाचा? करारात घट किती टक्क्यांपर्यंत ब्रुअरीची, यीस्ट कोणाचं आणि कितव्या पिढीपर्यंत वापरायचं, आणि विरघळलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण पॅकिंगच्या वेळी कोण मोजणार, हे लिहून घ्या. चव ‘समाधानकारक’ असावी असलं वाक्य कोर्टात काही कामाचं नाही.

आकाराशी संबंध नसलेले प्रकारही आहेत. ट्रॅपिस्ट (एका ख्रिस्ती भिक्षुसंघाचा) शिक्का मिळायला बिअर मठाच्या भिंतीआत, भिक्षूंच्या हातून किंवा देखरेखीखाली व्हावी लागते, आणि नफा मठाच्या गरजा व दानधर्मासाठी. बेल्जियमच्या आखेल ब्रुअरीने 2021 मध्ये हा शिक्का गमावला तो बिअर बिघडली म्हणून नव्हे, मठात भिक्षू उरले नाहीत म्हणून. नुसतं ‘अ‍ॅबी’ (मठाची) म्हणायला एवढं काही लागत नाही. लेफ ही बिअर मठाच्या नावाने बहुराष्ट्रीय कंपनी बनवते. न्यूयॉर्क राज्यातली फार्म ब्रुअरी कच्च्या मालावरून ठरते: 2013 पासून हॉप्स आणि इतर घटक किमान 20 टक्के राज्यातले हवे होते, 2019 मध्ये ते 60 टक्के झाले. नाशिकच्या द्राक्षांना वाइनरींनी जे दिलं तसं जवासाठी इथे कोणी करेल का, हा विचार अनेकांच्या डोक्यात येतो. पण माल्टिंगचा कारखाना जवळ नसेल तर स्थानिक जव आधी दूर पाठवून परत आणावं लागेल.

परत तुमच्या प्लांटकडे. रिपोर्टमध्ये प्रकार ‘जागेवर विक्री करणारी मायक्रोब्रुअरी’ असा लिहा आणि क्षमतेच्या दोन ओळी वेगळ्या द्या: ब्रूहाउस 1000 लिटर प्रति बॅच, आणि विकण्याजोगी बिअर वर्षाला 88,000 ते 1,05,600 लिटर. दुसऱ्या आकड्याला 365 ने भागा: रोज जास्तीत जास्त 289 लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरचे सुमारे 580 ग्लास. एवढे ग्लास सोमवार-मंगळवारीही जाणार नसतील तर सहाऐवजी चार टँकवर सुरुवात करा, पण ग्लायकॉलची (टँक गार ठेवणाऱ्या द्रवाची) पाइपलाइन, ड्रेन आणि जागा आठ टँकची ठेवा. टँक नंतर आणता येतो, फरशी पुन्हा उकरता येत नाही.

चिलर घेताना सरासरी धरू नका. त्याच्यावरचा सगळ्यात वाईट दिवस तो, जेव्हा एक टँक जोरात आंबत असतो, दुसरा 20 वरून 2 अंशांवर आणायचा असतो आणि त्याच दुपारी नवा वर्ट थंड करायचा असतो, तोही मे महिन्यात, जेव्हा नळाचं पाणीच 30 अंशांच्या आसपास येतं. थंड पाण्याची वेगळी टाकी ठेवून रात्री ती गार केली तर चिलर एक माप लहान चालतो. आणि जागा मॉलच्या वरच्या मजल्यावर असेल तर आर्किटेक्टला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा: भरलेला फर्मेंटर टँकसकट सव्वा ते दीड टन भरतो, आणि ते सगळं वजन चार पायांच्या चार बशांवर येतं. भुश्शाची सोयही आत्ताच लावा. एका बॅचला 170-180 किलो मॉल्ट लागतं आणि मागे 200 किलोच्या वर ओला भुस्सा उरतो. उन्हाळ्यात तो दुसऱ्या दिवशी आंबून वास मारतो, तेव्हा गोठेवाल्याची गाडी त्याच संध्याकाळी यायला हवी.